एकाच खोऱ्यात पंधरा दिवस

मेहकर तालुक्यातील हिवरा आश्रम हे गाव स्वामी विवेकानंदांच्या नावाशी जोडले गेले ते शुकदास महाराजांनी उभारलेल्या विवेकानंद आश्रमामुळे. पौष महिन्यात स्वामीजींच्या जयंतीचा उत्सव भरतो, तेव्हा पुरी आणि वांग्याच्या भाजीच्या महाप्रसादासाठी पंचक्रोशीतील माणसे शेतात लांबच लांब पंगती धरून बसतात. याच परिसरात भुसार मालाचा व्यापार करणाऱ्या एका जैन कुटुंबात गेल्या दिवाळीपासून एका रंगीत पत्रकावरून मतभेद सुरू होता. पत्रकावर बर्फाच्छादित शिखराचे चित्र होते आणि त्याखाली ठळक अक्षरांत छापले होते : अकरा दिवस, सात देश, शुद्ध जैन भोजन.

पत्रक आणले होते थोरल्या मुलाने. नातवाचे शिक्षण संपत आले होते; पुढच्या वर्षी तो नोकरीसाठी बंगळूरला जाणार होता. आजोबा बहात्तर वर्षांचे, आजी अडुसष्टच्या. तिन्ही पिढ्यांनी मिळून कोठे जायचे असेल तर हाच उन्हाळा, हे घरात सर्वांनाच कळत होते, पण कोणी बोलून दाखवत नव्हते. दुकान दोन माणसांवर सोपवून सारे घर बाहेर पडण्याचा प्रसंग या कुटुंबात लग्नकार्याखेरीज आलेला नव्हता. म्हणून पत्रकाला सर्वांची संमती सहज मिळेल असे मुलाला वाटले होते. नकार आला तो आजोबांकडून, आणि तोही खर्चासाठी नव्हे.

“ज्या प्रवासात माझ्या पायांना काहीच काम नाही,” ते म्हणाले, “त्या प्रवासाला मी कशाला हवा?”

व्यापाऱ्याच्या घरात कोणताही प्रश्न शेवटी हिशेबाच्या कागदावर येतो. नातवाने पत्रकातील कार्यक्रम तासांत मांडून पाहिला. अकरा दिवसांपैकी दोन विमानात. उरलेल्या नऊ दिवसांत सात मुक्काम बदलायचे. म्हणजे सात वेळा पेट्या भरायच्या आणि सात वेळा उघडायच्या. रोजचे पाच-सहा तास बसमध्ये. ज्या आल्प्स पर्वतासाठी एवढा खटाटोप, त्याच्या वाट्याला एकूण दोन दिवस, आणि त्यातही पर्वतावर प्रत्यक्ष पाय ठेवायचा तो केबल कारमधून उतरून छायाचित्र काढण्यापुरता. एकूण रकमेला सात देशांनी भागले की सौदा स्वस्त दिसतो, हे खरे. मात्र भाजक कोणता घ्यायचा हे पत्रक छापणाऱ्याने ठरवून दिलेले असते. त्याच रकमेला डोंगरात चाललेल्या तासांनी भागले, किंवा तिन्ही पिढ्यांनी घड्याळाकडे न पाहता एकत्र केलेल्या जेवणांनी भागले, तर उत्तर फार वेगळे येते.

नातवाला पुढे जे सापडले ते त्याच्या स्वतःच्या गावाशी संबंधित निघाले. हिवरा आश्रमात वाढलेल्या मुलाला 1893 ची शिकागोची सर्वधर्मपरिषद पाठ असते. वीरचंद राघवजी गांधी यांनी त्याच परिषदेत जैन धर्माचे प्रतिनिधित्व केले होते, हेही या घरात नेहमी सांगितले जाई. परंतु त्यानंतर तीन वर्षांनी, 1896 च्या उन्हाळ्यात, स्वामीजी आल्प्समध्ये सुट्टीसाठी गेले होते आणि ती सुट्टी त्यांनी मुख्यतः पायी फिरून घालवली, हे आजोबांनाही ठाऊक नव्हते.

लंडनमधील व्याख्याने आणि वर्ग यांनी स्वामीजी थकून गेले होते. कॅप्टन सेव्हियर, त्यांच्या पत्नी शार्लट सेव्हियर आणि हेन्रिएटा म्युलर यांनी त्यांना विश्रांतीसाठी स्वित्झर्लंडला नेले. जिनिव्हात त्या वर्षी राष्ट्रीय प्रदर्शन भरले होते. तेथे ते दोराने बांधलेल्या बलूनमधून वर गेले आणि सूर्यास्त पाहून उतरले. शामोनीहून माँ ब्लाँ दिसताच ते शिखर चढण्याची इच्छा त्यांनी व्यक्त केली. ते काम सरावलेल्या गिर्यारोहकांचे आहे, असे वाटाड्यांनी सांगितले, तेव्हा त्यांनी मेर द ग्लास ही हिमनदी पायी ओलांडण्यावर समाधान मानले. त्यानंतर आले सास खोरे. तेथून लिहिलेली त्यांची जुलै-ऑगस्टमधील पत्रे उपलब्ध आहेत. मोन्टे रोझाच्या हिमनदीपर्यंत जाऊन त्यांनी बर्फाच्या कडेला उगवलेली काही फुले वेचली आणि त्यातील एक अमेरिकेतील शिष्या ख्रिस्तीन यांना पत्रातून पाठवले. एकदा उपनिषदांतील वचने म्हणत ते मागे रेंगाळले असता हातातील काठी अकस्मात एका फटीत गेली आणि ते दरीत कोसळता कोसळता वाचले. त्यानंतर सोबत्यांनी त्यांना एकटे चालू दिले नाही. डोंगरातील एका लहान प्रार्थनास्थळी, मेरीमातेच्या चरणी, त्यांनी श्रीमती सेव्हियर यांच्या हातून रानफुले वाहविली. तेथील कष्टकरी माणसांच्या राहणीत त्यांना हिमालयातील पहाडी लोकांची राहणी दिसली.

या सुट्टीचे फलित हिशेबात धरण्याजोगे आहे. हिमालयात असाच एक आश्रम असावा, जेथे पूर्वेकडचे आणि पश्चिमेकडचे साधक एकत्र राहतील, काम करतील, हा विचार त्यांनी सेव्हियर दाम्पत्यापुढे बोलून दाखवला तो आल्प्सच्या सहवासात. दाम्पत्याने तो उचलला. इंग्लंडमधील आपला संसार आवरून त्या वर्षाच्या डिसेंबरात ते स्वामीजींबरोबर भारताकडे निघाले. 19 मार्च 1899 रोजी कुमाऊँमध्ये लोहाघाटजवळ, पूर्वी चहाचा मळा असलेल्या जागेवर, मायावतीचा अद्वैत आश्रम सुरू झाला. कॅप्टन सेव्हियर 28 ऑक्टोबर 1900 रोजी तेथेच निवर्तले. श्रीमती सेव्हियर यांचे सांत्वन करण्यासाठी स्वामीजी काठगोदामहून ऐन हिवाळ्यात बर्फातून वाट काढत 3 जानेवारी 1901 रोजी मायावतीला पोहोचले आणि पंधरा दिवस राहिले. एका उन्हाळी सुट्टीत झालेल्या बोलण्यातून निघालेली ही संस्था आजही चालू आहे. सात मुक्कामांच्या धावपळीत असे बोलणे होण्यास अवसर तरी कोठे मिळाला असता?

ज्या सास खोऱ्यात हे सारे घडले ते आजही बरेचसे ओळखू यावे असे आहे. ऱ्होन नदीच्या खोऱ्यातील फिस्प या गावाहून पिवळी पोस्ट-बस तासाभरात वर नेते. वाटेत श्टाल्डेन येथे दोन फाटे फुटतात : एक प्रसिद्ध झेरमॅटकडे, दुसरा सासकडे. सास-ग्रुंड हे गाव खोऱ्याच्या तळाशी, आणि त्याच्यावर सुमारे 1,800 मीटर उंचीवर सास-फे, तिन्ही बाजूंनी चार हजार मीटरहून उंच शिखरांनी वेढलेले. 4,545 मीटरचे डोम शिखर त्यांतीलच एक. सास-फेपर्यंत गाडीरस्ता पोहोचला तो 1951 मध्ये. तोवर माणसे पायी किंवा खेचरावरून येत. रस्ता आल्यावर कोणत्याही बाजारपेठेने केले असते ते या गावाने केले नाही. मोटारी गावाच्या वेशीवरच थांबवल्या. आजही तेथे वाहनतळावर गाडी लावून पुढे चालत जायचे; सामानासाठी विजेवर चालणाऱ्या छोट्या गाड्या आहेत. गिऱ्हाईकाची गाडी दुकानाच्या पायरीला लागली पाहिजे, या समजुतीवर आपल्या गावोगावच्या मुख्य रस्त्यांचा श्वास कोंडला आहे. त्यामुळे व्यापाऱ्याने हे गाव केवळ डोंगरासाठी नव्हे, तर धंद्याच्या दृष्टीनेही पाहण्यासारखे आहे. तेथील हॉटेलवाले आणि दुकानदार शांततेवरच धंदा करतात.

भुसार व्यापाऱ्याची नजर मात्र आधी जाईल ती जुन्या धान्यकोठारांवर. काळपटलेल्या लाकडाची ही कोठारे जमिनीपासून उंच, आखूड खांबांवर उभी असतात आणि प्रत्येक खांब व कोठार यांच्यामध्ये जात्याच्या पाळीसारखी एक सपाट गोल दगडी चकती बसवलेली असते. उंदीर खांबावरून वर चढतो, पण चकतीच्या खालच्या बाजूने त्याला उलटे चालता येत नाही. औषध नाही, सापळा नाही, जीवहत्या नाही. धान्य मात्र सुरक्षित. आजोबांनी नातवाच्या मोबाईलवर हे चित्र बराच वेळ न्याहाळले. गोदामातील उंदरांचा प्रश्न त्यांच्या धर्मबुद्धीला आयुष्यभर छळत आला होता.

श्टाल्डेनच्या वरच्या अंगाला ट्योर्बेल नावाचे छोटे गाव आहे. अर्थशास्त्राच्या अभ्यासकांत ते सास-फेपेक्षाही प्रसिद्ध आहे. या गावाने आपली सामाईक कुरणे सांभाळण्याचे नियम 1483 पासून लिहून ठेवले. 1517 च्या नियमाप्रमाणे, जितकी गुरे एखाद्याला हिवाळ्यात स्वतःच्या चाऱ्यावर पोसता येतील तितकीच त्याने उन्हाळ्यात वरच्या कुरणावर पाठवायची. बाहेरून गुरे विकत घेऊन फुकटच्या गवतावर चारण्याला त्यामुळे आपोआप आळा बसला. रॉबर्ट नेटिंग या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञाने या गावाचा अभ्यास केला, आणि एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी सामाईक संपत्तीविषयीच्या आपल्या ग्रंथात त्याचा आधार घेतला. त्यांना 2009 मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. बँकेत कर्जमर्यादा ठरवताना कर्जदाराचे स्वतःचे भांडवल किती, हे आधी विचारतात. पाचशे वर्षांपूर्वीचे गुराखी तोच प्रश्न गायीच्या बाबतीत विचारत होते. जूनच्या सुमारास गळ्यात घंटा बांधलेल्या गायी वरच्या कुरणाकडे निघतात, तेव्हा पाहुण्याला ती मिरवणूक वाटते. तिच्यामागे असा काटेकोर हिशेब आहे.

आता घरातील स्त्रियांचे प्रश्न, जे पत्रकाने चार शब्दांत उडवले होते.

पहिला प्रश्न जेवणाचा. आल्प्समधील पारंपरिक भोजन म्हणजे बटाटा, कांदा, चीज आणि राईची भाकरी. बटाटा-कांदा टाळणे सोपे आहे, कारण ते डोळ्यांना दिसतात. चीजचे तसे नाही. तेथील जुन्या पद्धतीच्या चीजसाठी दूध विरजताना बहुधा वासराच्या जठरातून काढलेले रेनेट वापरतात. ग्रुयेरसारख्या नामांकित चीजला तर ते नियमानेच लागते. बाहेरून केवळ दुधाचा पदार्थ वाटत असल्याने अनेक शाकाहारी यात्रेकरू नकळत तो खातात. राईच्या भाकरीचीही एक गंमत आहे : पूर्वी गावाच्या सामाईक भट्टीत ती वर्षातून दोन-तीनदाच भाजत आणि महिनोन्‌महिने पुरवत. वासी अन्न न खाणाऱ्या घराला ती चालणार नाही, हे उघड आहे.

यावरील उपायही त्या खोऱ्याच्या रीतीतच आहे. तेथे कुटुंबे हॉटेलात थोडी आणि स्वयंपाकघर असलेल्या भाड्याच्या घरात अधिक उतरतात. घर बहुधा शनिवार ते शनिवार मिळते. डाळ, तांदूळ, कणीक, खाखरे, मूग आणि मसाले घरून न्यायचे, भाजी-दूध तेथे घ्यायचे. एक दक्षता मात्र आवश्यक आहे : युरोपबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला स्वित्झर्लंडमध्ये दुग्धजन्य पदार्थ नेता येत नाहीत. तुपाचा डबा आणि पेढे घरीच ठेवावेत. लोणी तेथे उत्तम मिळते, त्याचे तूप कढवता येते.

दुसरा प्रश्न चौविहाराचा. येथे निसर्ग अनुकूल आहे. जूनच्या अखेरीस तेथे सूर्यास्त रात्री नऊनंतर होतो, सूर्योदय पहाटे साडेपाचच्या सुमारास. दिवसभर डोंगरात फिरून आल्यावरही सायंकाळचा स्वयंपाक निवांत उरकतो. सूर्य शिखराआड लवकर जातो, त्याने गोंधळून न जाता छापील वेळ पाहावी, एवढेच.

तिसरा प्रश्न काळाचा, आणि तो सर्वांत अवघड. मे महिन्यात, विदर्भात नवतपा तापत असताना, आल्प्समधील वरच्या वाटा बर्फाखाली असतात आणि खोऱ्यातील बरीच हॉटेले बंद असतात. वाटा मोकळ्या होतात त्या जूनच्या उत्तरार्धापासून. विदर्भातील शाळा राज्याच्या इतर भागांपेक्षा उशिरा, जूनच्या शेवटी उघडतात, ही गैरसोय येथे सोय ठरते. पुढे आषाढात चातुर्मास लागतो, तेव्हा अनेक घरे प्रवास टाळतात. बियाणे-खते विकणाऱ्याला जून म्हणजे ऐन हंगाम, त्याचे जाणे कठीण. भुसार व्यापाऱ्याच्या मालाची आवक मात्र पेरणीच्या दिवसांत मंदावलेली असते. सर्व बाजू जुळतात असा पंधरवडा वर्षात एकच, जूनचा शेवटचा. व्हिसाची कागदपत्रे त्या मानाने फार आधी, होळीच्या सुमारासच, हाती घ्यावी लागतात.

राहिला प्रश्न चालण्याचा. येथे मुलाने आक्षेप घेतला : आईला डोंगर झेपेल का? हा आक्षेप ऐकून आजींना हसू आले, आणि ते योग्यच होते. चार वर्षांपूर्वी त्यांनी सम्मेदशिखरजीची वंदना पायी केली होती. नऊ कोस चढण-उतरण आणि टोंकांची परिक्रमा मिळून सत्तावीस किलोमीटर, तेही पहाटे अंधारात निघून. ज्या समाजातील वृद्ध स्त्रिया शत्रुंजय आणि गिरनार पायी चढतात, ज्या समाजाचे साधू-साध्वी वर्षातील आठ महिने अनवाणी विहार करतात, त्या समाजाला पर्वत काचेआडून दाखवण्याची व्यवस्था व्हावी, हे विचित्रच म्हणायचे.

शिवाय आल्प्समधील वाटा चालणाऱ्याचा विचार करून आखलेल्या आहेत. स्वित्झर्लंडभर सुमारे 65,000 किलोमीटरच्या पायवाटांना खुणा केलेल्या आहेत. पिवळी पाटी म्हणजे सोपी वाट. पांढरा-तांबडा-पांढरा पट्टा असेल तर डोंगरी वाट, तेथे घट्ट बूट हवेत. पांढरा-निळा-पांढरा दिसला की परत फिरावे, ती गिर्यारोहकांची. पाटीवर अंतर किलोमीटरमध्ये नसते, लागणारा वेळ लिहिलेला असतो. वयस्करांनी त्याच्या दीडपट धरावा. सास-ग्रुंडहून सास-फेला जाणारी जुनी पायवाट पहिल्या दिवसासाठी उत्तम. अठराव्या शतकाच्या आरंभी बांधलेली पंधरा छोटी प्रार्थनागृहे तिच्या कडेला आहेत आणि प्रत्येकात लाकडी मूर्तींतून येशू-मेरीच्या जीवनातील एकेक प्रसंग मांडलेला आहे; पायथ्यापासून माथ्यापर्यंत देवळ्या असलेला डोंगर जैन यात्रेकरूला अनोळखी वाटणार नाही. याच खोऱ्यातील योहान योसेफ इम्सेंग हा धर्मगुरू प्रवाशांना उतरवून घेई, त्यांना शिखरांवर नेई, आणि 1849 च्या हिवाळ्यात पायांना फळ्या बांधून बर्फावरून खालच्या गावी गेला असे सांगतात. सास-फेच्या चौकात त्याचा पुतळा आहे.

एक इशारा. सास-फेहून केबल कार आणि भुयारी रेल्वेने 3,500 मीटरपर्यंत अर्ध्या-पाऊण तासात जाता येते. रक्तदाब किंवा हृदयविकार असणाऱ्यांनी तो मोह डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये; आणि कोणीच पहिल्या दिवशी करू नये. पंधरा दिवस हाताशी असताना घाई कशाची?

खर्चाविषयी स्पष्ट बोलावे. स्वित्झर्लंड महाग आहे. एकाच खोऱ्यात राहिल्याने, स्वतः शिजवल्याने आणि बसप्रवास टाळल्याने रक्कम आटोक्यात येते, पण ती थोडी नव्हे, आणि कर्ज काढून करण्यासारखा हा खर्च नव्हे. ज्या घराला ती झेपत नाही त्याने पर्वत वगळण्याचे कारण मात्र नाही. मायावतीजवळचे लोहाघाट आहेच. त्याहून जवळ, सातपुड्यात, समुद्रसपाटीपासून अकराशे मीटरवरील चिखलदरा आहे : कॉफीचे मळे, गाविलगडाचा किल्ला, मेळघाटचे जंगल. परतवाड्याहून थोड्याच अंतरावर मुक्तागिरी, जेथे बावन्न जिनमंदिरे डोंगराच्या कुशीत धबधब्याभोवती वसली आहेत. विदर्भातील कुटुंबे तेथे सकाळी जातात आणि संध्याकाळी परततात. परतवाडा-चिखलदरा परिसरात आठ दिवस मुक्काम करून, पहाटे चालून, दुपारी वाचून, सायंकाळी सामायिक करून राहणारी कुटुंबे विरळाच. राहण्याची रीत बदलली तर ठिकाण बदलण्याची निकड पुष्कळच कमी होते.

हिवऱ्याच्या त्या घरात निर्णय झाला तो संक्रांतीनंतर. पत्रक परत गेले. सास-ग्रुंडमधील एका घराचे दोन आठवडे ठरले; दुकान धाकट्या भावाकडे, आणि रोज सायंकाळी एकच फोन करायचा, तोही दहा मिनिटांचा, ही अट आजोबांनी स्वतःवर घालून घेतली. ती पाळली जाईल यावर घरात कोणाचा विश्वास नाही. दरम्यान दर रविवारी सराव सुरू झाला आहे. गेल्या रविवारी सर्वजण लोणारला गेले होते. पावणेदोन किलोमीटर व्यासाच्या त्या विवरात पायऱ्यांनी उतरून, काठावरची पुरातन मंदिरे पाहून, पुन्हा कड्यावर चढून यायचे. मुलाला तीनदा थांबावे लागले. आजी वर पोहोचून, झाडाच्या सावलीत बसून, पाण्याची बाटली उघडून त्याची वाट पाहत होत्या.